ठाण्याहून कच्छच्या रणात: पिकअपने पाण्याच्या मागावर

कच्छला जाणाऱ्या बहुतेक गाड्या धोरडोच्या तंबूनगरीपर्यंत जातात, पांढऱ्या मिठावर फोटो काढतात आणि मागे फिरतात. त्यात वावगं काही नाही. पण दारात पिकअप उभी असेल आणि आठ-नऊ दिवसांची रजा जुळत असेल, तर या वाळवंटाची दुसरी बाजूही बघता येते. त्यासाठी प्रवासाचा आराखडा प्रेक्षणीय स्थळांवरून न करता पाण्यावरून करावा. गोडं पाणी कुठे साठतं, ते कोण काढतं, कुठे ते खारं होतं, हे समजत गेलं की वस्त्या, गुरं, पक्षी, जुनी बंदरं आणि पाच हजार वर्षांपूर्वीचं एक शहर असं सगळं एका धाग्यात दिसू लागतं.

एक अपेक्षा आधीच दुरुस्त करून घ्या. सह्याद्रीत कातळातून पाझरणारे झरे असतात, तसे बारमाही झरे इथे फार शोधू नका. कच्छचा वर्षाचा पाऊस सरासरी चारशे मिलिमीटरच्या आसपास. ठाण्यात तेवढा जुलैच्या पंधरवड्यात पडून जातो. रणाच्या काठावरचं गोडं पाणी म्हणजे विरडे (आटलेल्या तलावाच्या तळात खणलेल्या उथळ विहिरी), ढंढ (पावसाचं पाणी साठणारे उथळ तलाव), नदीच्या खडकातले डोह आणि माणसांनी बांधलेले तलाव. त्यांच्या वाटेवर गाडी नेणं हीच इथली शोधयात्रा.

कधी निघायचं

डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. दिवाळीच्या सुट्टीत जाण्याचा मोह सगळ्यांना होतो, पण तेव्हा रणात पावसाळ्याचं पाणी उभं असतं किंवा नुकतं ओसरलेलं असतं, आणि मिठाखाली निव्वळ चिखल असतो. मार्चपासून ऊन चढतं. जानेवारीतल्या रात्री मात्र हलक्यात घेऊ नका. गुजरातमधल्या सर्वांत थंड ठिकाणांत कच्छचं नलिया असतं. ठाण्यातल्या हिवाळ्यावर अंदाज बांधून पातळ चादर घेऊन गेलात तर रात्रभर गाडीचा हीटर लावून बसाल. स्लीपिंग बॅग आणि कानटोपी घ्याच.

गाडी कुठली

इसुझू व्ही-क्रॉस, टोयोटा हायलक्स किंवा फोर-बाय-फोर असलेली बोलेरो अथवा योद्धा, यातली कुठलीही चालेल. या लेखातल्या ठिकाणांपैकी बहुतेकांपर्यंत डांबरी किंवा कच्चा रस्ता आहे, त्यामुळे टू-व्हील ड्राइव्ह पिकअपनेही तीन-चतुर्थांश प्रवास होतो. फोर-बाय-फोरचा उपयोग नदीच्या वाळूत आणि खडकाळ चढावर होतो. रणात ‘उतरण्यासाठी’ ती घेतलेली नसते, हे पुढे येईलच.

पांढऱ्या पाटीची, खासगी नोंदणीची गाडी असेल तर कागदपत्रांचा त्रास कमी. पिवळ्या पाटीची मालवाहू गाडी असेल तर फिटनेस, परमिट आणि विमा परराज्यासाठी चालतात का, हे एमएच-०४ असो, ४३ असो की ४६, निघण्याआधी आरटीओच्या कामात मुरलेल्या माणसाकडून तपासून घ्या. हौद्यात माणसं बसवणं कुठल्याच राज्यात खपत नाही. ‘गावाकडचा रस्ता आहे, कोण बघतंय’ असं म्हणून मित्रांना मागे बसवू नका.

गाडी बीएस-६ डिझेल असेल तर दोन गोष्टी. डीईएफ (धूर स्वच्छ करण्यासाठी वेगळ्या टाकीत घालायचा द्रव) लागत असेल तर एक डबा बरोबर ठेवा. आणि डीपीएफ, म्हणजे एक्झॉस्टमधली काजळी अडवणारी जाळी, साफ होत असताना एक्झॉस्ट भयंकर तापतो, तेव्हा बन्नीच्या वाळलेल्या गवतावर गाडी उभी करू नका. बन्नी हा मोठा गवताळ प्रदेश आहे आणि गुरांचा वर्षभराचा चारा तिथे उभा असतो.

वजनाचा हिशेब

लोक टायरवर हजारो रुपये घालतात आणि वजन मोजत नाहीत. दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर किंवा मालकपुस्तिकेत गाडीचं कमाल एकूण वजन दिलेलं असतं. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की माणसं आणि सामान मिळून किती चालेल ते कळतं. डबल कॅबमध्ये हा आकडा वाटतो त्यापेक्षा फारच लहान निघतो. हौद्यावर कॅनॉपी, पुढे लोखंडी बंपर, वर कॅरियर बसवलं असेल तर तेही याच आकड्यातून जाणार. चार धडधाकट माणसं म्हणजे तीनशे किलो, शंभर लीटर पाणी म्हणजे शंभर किलो. मग दोन स्टेपन्या, तंबू, शेगडी, शिधा. हिशेब लगेच फिसकटतो. म्हणून माझ्या मते एका पिकअपमध्ये तीन माणसं बरी, आणि चौथ्याला दुसऱ्या गाडीत जागा करून द्यावी. तसंही रणाकडे एकट्या गाडीने जाऊच नये.

सगळं सामान भरून, टाकी फुल करून गाडी एकदा काट्यावर चढवा. कळंबोलीच्या स्टील मार्केटजवळ किंवा भिवंडीच्या गोदामांकडे वजनकाट्यांना तोटा नाही. आधी पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून, अशी दोन वजनं घ्या. मागच्या अ‍ॅक्सलवर भार जास्त निघाला तर पाण्याचे कॅन हौद्यात कॅबिनला टेकवून पुढे सरकवा. दोर, ताडपत्री, रॅचेट पट्टे कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलच्या आसपासच मिळतात आणि ते ट्रकवाल्यांच्या रोजच्या वापरातले असतात. ‘ऑफरोड’ असं छापलेला पट्टा दुप्पट पैसे देऊन घेण्याची गरज नाही.

हौद्यात धूळ खालून-वरून नव्हे तर मागून शिरते. धावत्या गाडीमागे हवेची पोकळी तयार होते आणि टेलगेटच्या फटीतून धूळ आत ओढली जाते. टेलगेटच्या कडेला रबराची पट्टी चिकटवा आणि पीठ, कपडे, कॅमेरे झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यांतच ठेवा.

पाणी किती, कशात

पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी दिवसाला पाच लीटर, हातपाय-भांड्यांसाठी आणखी दोन. तीन माणसं, दोन दिवस कुठेही पाणी मिळालं नाही असं धरून हे बेचाळीस लीटर होतात. त्यावर वीस लीटर राखीव, ज्याला रेडिएटर उकळल्याशिवाय किंवा गाडी रुतल्याशिवाय हात लावायचा नाही. शंभर लीटर घेऊन निघणारे लोक भीतीपोटी घेतात. दर दीड-दोन दिवसांनी तुम्ही वस्तीत येणारच आहात.

सोसायटीत येणारा वीस लीटरचा जार नेऊ नका. खाचखळग्यात त्याची मान तडकते आणि हौद्यात तळं होतं. खाद्य दर्जाचे, जाड प्लास्टिकचे दहा-दहा लीटरचे कॅन घ्या. एक फुटला तरी बाकीचे राहतात, आणि ते एका हाताने उचलता येतात.

खिशात टीडीएस मीटर ठेवा. आरओ बसवायला येणारा माणूस ग्लासात बुडवतो तोच, काही शे रुपयांत मिळतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लीटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले क्षार चालतात आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत. हा आकडा फक्त क्षार सांगतो, जंतू सांगत नाही. पाणी गोडं लागलं तरी उकळून किंवा फिल्टरमधून काढूनच प्या. उलट, खारं पाणी उकळून गोडं होत नाही, आटल्यामुळे जास्तच खारं होतं. सांगण्यासारखं हे नाही, पण तहानेच्या वेळी माणसं काहीही करतात.

टायर, काटे आणि चिखल

कच्छमध्ये पंक्चरचं पहिलं कारण खडक नव्हे, गांडो बावळ. विसाव्या शतकात खारेपणाचा प्रसार रोखण्यासाठी लावलेलं हे परदेशी झाड आता बन्नीभर माजलं आहे. त्याचा काटा टायरमधून आरपार जातो. त्याच्या झुडपांतून गेलेल्या वाटेवर गाडी घालण्याआधी वाकून बघा, तोडलेल्या फांद्या पडल्यात का ते. दोन स्टेपन्या, ट्यूबलेसचं पंक्चर किट, बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर आणि हवा मोजायचा गेज एवढं हवंच. काटा दिसला तरी लगेच उपटू नका. हवा जात नसेल तर तो तसाच ठेवून सपाट, सावलीच्या जागी या आणि मग काम काढा.

डांबरी रस्त्यावर बत्तीस-पस्तीस पीएसआय हवा असेल तर मऊ वाळूत ती अठरा-वीसपर्यंत उतरवा. टायर पसरतं, भार जास्त जागेवर वाटला जातो, गाडी तरंगते. वेग कमी ठेवा, वळण मोठं घ्या, ब्रेक दाबण्याऐवजी पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढून गाडीला आपोआप थांबू द्या. चाक फिरायला लागलं की तिथेच थांबा. आणखी रेस दिली की प्रत्येक सेकंदाला खड्डा खोल होतो. उतरा, फावड्याने चाकांपुढची वाळू काढा, खाली फळ्या किंवा ट्रॅक्शन बोर्ड सरकवा, आलात त्याच चाकोरीतून मागे घ्या. जॅकखाली ठेवायला जाड प्लायचा फूटभर तुकडा न विसरता न्या. डांबरावर परत आल्यावर फोर-बाय-फोर काढा आणि हवा भरा. कमी हवेत महामार्गावर ऐंशीने जाणं म्हणजे टायर फोडायलाच निघणं.

वाळूचं शास्त्र रणाच्या चिखलाला लागू पडत नाही. रणात वर मिठाचं किंवा वाळलेल्या मातीचं कवच असतं आणि खाली काळा, ओला गाळ. कवच माणसाला पेलतं, गुरांनाही पेलतं, दोन टनांच्या गाडीला पेलत नाही. एकदा कवच फुटलं की हवा कितीही कमी केलीत तरी गाडी अ‍ॅक्सलवर बसते आणि दुसऱ्या गाडीने ओढायला जावं तर तीही बसते. मग गावातून ट्रॅक्टर येईपर्यंत बसून राहणं आलं. शिवाय मोठ्या रणाचा बराच भाग कच्छ वाळवंट अभयारण्यात मोडतो, ते ७५०६ चौरस किलोमीटरचं आहे. म्हणजे कायद्यानेही आणि मातीनेही उत्तर एकच: मळलेली वाट सोडायची नाही. रणावर चाकांच्या गोल नक्ष्या काढून रील बनवणाऱ्यांच्या खुणा पुढच्या पावसापर्यंत तशाच दिसत राहतात.

गाडी ओढताना दोर बंपरला किंवा टो-बॉलला (मागे ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) अडकवू नका. ताणाखाली टो-बॉल तुटला तर तोफगोळ्यासारखा उडतो. चेसिसला पक्कं केलेलं रिकव्हरी हुकच वापरा, दोरावर मध्यभागी जाड गोधडी टाका आणि बाकीच्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट लांब उभं करा.

तालीम घराजवळ

हा सगळा सराव रणात पहिल्यांदा करायचा नसतो. टायर उतरवणं, बदलणं, कॉम्प्रेसरने भरणं हे सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका रविवारी होतं. वाळूच्या सरावासाठी अर्नाळा-केळव्याच्या किनाऱ्यावर गाडी घालू नका. भरतीत गाड्या अडकल्याच्या बातम्या दर वर्षी येतात आणि पोलीस गुन्हेही नोंदवतात.

एक रात्र मुक्कामी तालीम करायची तर वज्रेश्वरी-अकलोली-गणेशपुरीकडे जा. तानसा नदीकाठची ही गरम पाण्याची कुंडं ठाणे जिल्ह्यातच आहेत, आणि पाण्याच्या मागावरच्या प्रवासाची सुरुवात म्हणूनही चांगली. पालघरमध्ये सातिवली आणि हालोलीलाही असेच उन्हाळे, म्हणजे गरम पाण्याचे झरे, आहेत. कोकणात दूर दक्षिणेपर्यंत गेलेल्या रांगेतले हे उत्तरेकडचे: भूगर्भात खोल उतरलेलं पाणी तापून भेगांतून वर येतं. रणातलं पाणी नेमकं उलट वागतं, वरून येतं आणि वरच थांबतं. तिथे जवळ रीतसर जागा घेऊन तंबू लावा, शेगडी पेटवा, दोन वेळचं जेवण करा आणि किती पाणी लागलं ते लिहून ठेवा. वर दिलेला सात लीटरचा आकडा तुमच्या घराला पुरतो की नाही, ते तिथेच कळेल.

ठाण्यातून भुजपर्यंत

ठाण्याहून भुज साधारण साडेआठशे किलोमीटर. घोडबंदर रस्त्याने जाणार असाल तर गायमुखचा चढ पहाटे चारच्या आधी मागे टाका. नंतर अवजड वाहनांच्या रांगेत सकाळ जाते. नवी मुंबईकरांना मुंब्रा बायपास, खारेगाव, माणकोली, भिवंडी, कामण, चिंचोटी असं जाता येतं, पण कामण-चिंचोटीच्या खड्ड्यांत बांधलेलं सामान सैल होतं. तेवढा वेळ वाचवण्यापेक्षा ऐरोलीवरून ठाण्यात येऊन घोडबंदरच धरलेलं मला बरं वाटतं. पुढे मनोर, मेंढवण खिंड, चारोटी, तलासरी. मेंढवणच्या उतारावर भरलेली पिकअप जपून.

तलासरीनंतर गुजरात, आणि गुजरातमध्ये दारूबंदी आहे. दमणचा फाटा जवळ असला तरी हौद्यात बाटली ठेवून पुढे जाऊ नका. त्यात गाडीच जप्त होऊ शकते.

वडोदऱ्यानंतर अहमदाबादच्या द्रुतगती मार्गावर न चढता जुन्या महामार्गाने वासदला या आणि तारापूर-वटामण-बगोदरा मार्ग धरा. अहमदाबादचं ट्रॅफिक टळतं. मग लिंबडी, ध्रांगध्रा, हळवद, माळिया, आणि सूरजबारीचा पूल ओलांडला की कच्छ. एका दमात भुज गाठू नका. ध्रांगध्रा किंवा हळवदला मुक्काम करा. ही गावं छोट्या रणाच्या काठावर आहेत, घुडखर म्हणजे रानगाढव बघायचं असेल तर वन खात्याची परवानगी आणि स्थानिक वाटाड्याची जीप घेऊन सकाळी दोन तास आत जाऊन या. स्वतःची गाडी कडेलाच राहू द्या.

भुजमध्ये टाकी फुल, पाणी फुल, भाजी-अंडी. इथून फेरी अशी काढली की वाट फारशी दोनदा तुडवावी लागत नाही: भुजहून पश्चिमेला नखत्राणा आणि लखपत, परत येऊन चारी-ढंढ, मग बन्नी, खावडा, खडीर बेटावरचं धोलावीरा आणि तिथून रापरमार्गे घर. टाकी अर्धी झाली की पंप दिसेल तिथे भरायची, हा नियम भुजनंतर मोडू नका.

कडिया ध्रो

नखत्राण्याच्या बाजूला नदीने रंगीत वाळूखडकात कोरलेली ही घळ आहे. पाण्याबरोबर फिरणाऱ्या गोट्यांनी खडकात गोल खड्डे पाडलेत. निघोजचे कुकडी नदीतले रांजणखळगे पाहिले असतील तर प्रक्रिया लगेच ओळखू येईल. फरक दगडाचा. निघोजला काळा बेसॉल्ट, इथे तांबूस-पिवळ्या थरांचा वालुकाश्म, त्यामुळे कडा जास्त गुळगुळीत आणि जास्त ठिसूळ.

शेवटचा टप्पा कच्चा, खडकाळ आणि नदीपात्रातला आहे. गावात गाडी थांबवून रस्त्याची विचारपूस करा आणि शक्यतो गावातला माणूस बरोबर घ्या. त्याला पैसे द्यायचे ते आधी ठरवा. वाळूचा पट्टा आला की हवा उतरवा, दगडांचा आला की पुढे एकाने चालत जाऊन चाकांची जागा दाखवावी. डोह वरून उथळ दिसतात पण कडेपासून एकदम खोल होतात आणि भिंती शेवाळलेल्या असतात. पोहणं नको. घळीत मुक्काम तर नकोच नको.

चारी-ढंढ आणि बन्नी

चारी-ढंढ हा पावसाचं पाणी साठणारा विस्तीर्ण उथळ तलाव. पाऊस चांगला झाला तर हिवाळ्यात इथे करकोच्यांचे थवे, शिकारी पक्षी आणि फ्लेमिंगो उतरतात. ऐरोलीच्या खाडीवरून फ्लेमिंगो बघणाऱ्यांना ते इथे पाहताना मजा येते. कच्छचं मोठं रण हे त्यांच्या विणीचं ठिकाण आहे आणि ठाणे खाडीत येणाऱ्यांपैकी बरेच गुजरातकडून येतात. गाडी तलावाच्या ओल्या काठापासून निदान दोनशे मीटर लांब उभी करा. काठाची माती रणासारखीच फसवी असते.

इथून निरोण्यामार्गे बन्नीत या. निरोण्यात रोगन काम (तेलाच्या घट्ट रंगाने कापडावर केलेली नक्षी) आणि तांब्याचा मुलामा दिलेल्या घंटा करणारी घरं आहेत, तास-दोन तास काढा.

आता विरडे. बन्नीतलं भूजल खारं. तरी मालधारी म्हणजे पशुपालक लोक इथे पिढ्यान् पिढ्या म्हशी-गाई पाळत आले आहेत, ते एका साध्या निरीक्षणाच्या जोरावर. पावसाचं पाणी सखल भागात साचतं, जमिनीत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळून न जाता त्याच्यावर तरंगत राहतं, कारण गोडं पाणी वजनाला हलकं. तलाव आटल्यावर त्याच्या तळात उथळ विहिरी खणायच्या, भिंती ढासळू नयेत म्हणून आतून लाकडांची चौकट आणि गवताचा थर द्यायचा, आणि पाणी थोडं थोडं काढायचं. भराभर उपसलं तर खालचं खारं पाणी वर चढतं. एक विरडा खारा झाला की तो सोडून दुसऱ्याकडे जायचं. तलावात असे कित्येक विरडे असतात, आणि पुढच्या पावसाने सगळी व्यवस्था पुन्हा भरून निघते.

हे वाचल्यावर एक गोष्ट आपोआप कळायला हवी: विरड्यातून तुमचे दहा-दहा लीटरचे कॅन भरून घ्यायचे नाहीत. तिथलं पाणी मोजून काढलेलं असतं आणि त्यावर कुणाच्या तरी म्हशी अवलंबून असतात. आता बऱ्याच गावांत नळाचं पाणी पोचलं आहे, त्यामुळे काही विरडे वापराविना पडलेत, काही अजून चालू आहेत. कुठला चालू हे गावाला विचारल्याशिवाय कळत नाही. गाडी गावाच्या वेशीवर ठेवा, आधी माणसांशी बोला. हिंदी चालते, गुजराती आलं तर उत्तम. चहा आला तर नाही म्हणू नका. पाहायला नेलं तर चपला लांब काढा, काठावर वाकून स्वतःचं भांडं बुडवू नका, साबण-शॅम्पू तर गाडीबाहेर काढूच नका. बायकांचे फोटो विचारल्याशिवाय नको. परवानगी घेऊन टीडीएस मीटर मात्र बुडवून बघा. एकाच तलावातल्या दोन विरड्यांचे आकडे वेगळे आले, की कुठला आधी खणला गेला असेल यावर गावकऱ्यांशी छान गप्पा रंगतात.

बन्नीत रात्री गाडी चालवू नका. बन्नी म्हैस, जिला २०१० मध्ये स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली, ती रात्री चरायला सोडतात आणि पहाटे गावात परतते. काळी म्हैस, काळा रस्ता, दिव्याशिवाय. सूर्य मावळायच्या आत मुक्कामाला पोचा. भिरंडियाऱ्याला मावा खायला थांबायचं, ते दिवसाउजेडी.

पांढऱ्या रणासाठी लागणारा परवाना भिरंडियाऱ्याच्या चौकीवर किंवा ऑनलाइन मिळतो. सगळ्यांची मूळ ओळखपत्रं जवळ ठेवा. मुक्काम होडका किंवा धोरडोच्या बाजूला भुंग्यात करा. कुडाच्या-मातीच्या गोल घरांत रात्रीची थंडी तंबूपेक्षा खूप सुसह्य होते.

खावडा, काळा डुंगर

काळा डुंगर हा कच्छमधला सर्वांत उंच डोंगर, सुमारे ४६० मीटर. माथ्यावर दत्ताचं मंदिर आहे आणि आरतीनंतर कोल्ह्यांना प्रसाद ठेवण्याची प्रथा आहे. रस्ता डांबरी पण चढ तीव्र. उतरताना दुसऱ्या गियरवर या, भरलेल्या पिकअपचे ब्रेक तापतात. वरून रण कसं पसरलंय ते एकदा नीट बघून घ्या, उद्या त्याच्यामधूनच जायचंय. पुढे इंडिया ब्रिजच्या बाजूला सीमा सुरक्षा दलाची हद्द. परवानगीशिवाय पुढे नाही, फोटो नाही.

रणातून धोलावीराला

खावड्याहून खडीर बेटाकडे जाणारा रस्ता रणाच्या मधून सरळ जातो, साधारण तीस किलोमीटर दोन्ही बाजूंना पाणी किंवा मीठ. याच रस्त्यामुळे रापरचा मोठा वळसा वाचला. रस्ता भरावावर आहे. फोटोसाठी गाडी कडेला उतरवू नका, उताराची माती भुसभुशीत आहे. वाऱ्याच्या दिवशी कॅरियरवरचे दोर दोनदा तपासा.

धोलावीराला बहुतेक लोक तासाभरात फिरून निघतात. पाण्यासाठी आलेल्याने सकाळ द्यावी. हे हडप्पा संस्कृतीतलं शहर जगत्पती जोशी यांनी १९६० च्या दशकात नोंदवलं, १९९० च्या सुमारास आर. एस. बिष्ट यांच्या नेतृत्वाखाली मोठं उत्खनन सुरू झालं आणि २०२१ मध्ये ते जागतिक वारसा यादीत गेलं. मनसर आणि मनहर या दोन पावसाळी ओढ्यांच्या मधे शहर बसवलेलं. ओढ्यांवर बांध घालून पाणी वळवायचं आणि तटाला लागून असलेल्या जलाशयांच्या माळेत साठवायचं, अशी रचना. पूर्वेकडचा जलाशय सुमारे ७३ मीटर लांब, २९ मीटर रुंद आणि १० मीटर खोल. त्याच्या पायऱ्यांपाशी उभं राहून उतार कुठून कुठे जातो ते आधी शोधा, मग बालेकिल्ल्यावर चढा. उलट क्रमाने गेलात तर नुसत्या दगडी भिंती दिसतात. पुरातत्त्व खात्याची स्थळसंग्रहालयं सहसा शुक्रवारी बंद असतात, तसा दिवस जुळवा. खाली रणाच्या काठाला लाकडाचे जीवाश्म आहेत, तेही पाहा. तुकडा उचलून आणू नका.

लखपत आणि गुनेरी

फेरीतला हा पश्चिमेचा तुकडा वेळ कमी असेल तर गाळता येतो, पण गाळू नये असं मला वाटतं. १८१९ च्या भूकंपात रणात अल्लाबंध नावाचा लांबच लांब उंचवटा वर आला, सिंधूच्या फाट्याचं पाणी तुटलं आणि लखपतचं भरभराटीचं बंदर ओस पडलं. पाणी गेल्यावर काय होतं ते त्या तटावरून चालताना दिसतं. जवळच गुनेरीला समुद्र नसताना खारफुटी उगवलेली आहे. २०२५ मध्ये तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. झाडांखालून गाडी किंवा पाय काहीही घालू नका, काठावरूनच बघा.

संपर्क आणि संकट

बन्नी-खडीरमध्ये मोबाइलची रेंज येते-जाते. ऑफलाइन नकाशे भुजमध्येच उतरवून घ्या, गाडी चालताना ट्रॅक नोंदत ठेवा म्हणजे परतीची वाट तीच मिळते. परदेशातून आणलेला सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइट मेसेंजर नेऊ नका. परवान्याशिवाय तो जवळ ठेवणं भारतात बेकायदा आहे, आणि सीमेजवळ सापडलात तर प्रकरण वाढतं. ड्रोनही घरीच. रोज संध्याकाळी ठाण्यातल्या एका माणसाला पुढच्या दिवसाचा मार्ग मेसेज करा आणि कितीपर्यंत फोन आला नाही तर काय करायचं, तेही ठरवून द्या.

फुरसं कोकणात जसं असतं तसं कच्छमध्येही आहे. पहाटे बूट झटकून घाला, लाकडं उचलताना हातमोजे वापरा. दंश झालाच तर कापणं, चोखणं, घट्ट आवळपट्टी काही नको. माणसाला शांत, न हलवता गाडीत आडवं करा, १०८ लावा आणि थेट भुजच्या जी. के. जनरल रुग्णालयाकडे निघा. म्हणूनच रोजच्या मुक्कामापासून भुज किती तासांवर आहे, ते माहीत असावं.

परतल्यावर

मीठ गाडीच्या खाली चिकटून आलेलं असतं आणि ठाण्याच्या दमट हवेत ते लगेच कामाला लागतं. पुढच्या रविवारपर्यंत थांबू नका. भुज किंवा समखियाळीलाच एकदा खालून गोड्या पाण्याने धुवून घ्या आणि घरी आल्यावर पुन्हा लिफ्टवर चढवून चेसिसच्या पोकळ्या, हौद्याच्या खालची बाजू, ब्रेकच्या नळ्या, सायलेन्सरचे जोड धुवायला सांगा. वरची पॉलिश नंतर. एअर फिल्टर काढून झटका, काळवंडला असेल तर बदला. चाकांचे नट पुन्हा आवळा, टायरच्या आतल्या बाजूला अडकलेले काटे शोधा. प्रॉपेलर शाफ्टला ग्रीस, आणि गाडी पाण्यातून गेली असेल तर डिफरन्शियलचं ऑइल दुधाळ झालंय का ते बघा. जूनच्या आधी खालच्या बाजूला गंजरोधक कोटिंग मारून घ्या, पण पूर्ण सुकल्यावरच, नाहीतर मीठ आत आणि कोटिंग वर असं होतं.